जमीन आधी, झाड नंतर

सागाचे बी रुजत नाही, या अडचणीतून आपल्या देशातील पद्धतशीर वनलागवडीचा इतिहास सुरू होतो. 1840 च्या दशकात मलबारचे जिल्हाधिकारी हेन्री कॉनोली यांना निलंबूरच्या परिसरात साग लावायचा होता. जहाजांना लाकूड हवे होते आणि जंगलातला जुना साग झपाट्याने तुटत होता. पेरलेले बी मात्र मातीत तसेच पडून राही. सागाच्या फळाचे कवच जाड आणि टणक असते, एका पावसाने ते मऊ पडत नाही. भिजवावे, उन्हात वाळवावे, पुन्हा भिजवावे, असे आलटून पालटून केले की ते उगवते. रोपवाटिकेत काम करणाऱ्या कोणाही बाईला आज हे ठाऊक असते, पण त्या काळी ते चुकतमाकत शोधावे लागले. चातू मेनन या स्थानिक अधिकाऱ्याने ते काम मार्गी लावले, आणि चालियार नदीकाठचा त्या लागवडीचा एक तुकडा ‘कॉनोलीज प्लॉट’ या नावाने आजही उभा आहे. जगातील सर्वांत जुन्या साग रोपवनांत त्याची गणना होते.

एका झाडाच्या एका बियाण्यापासून निघालेला हा विषय आज फार मोठ्या आकड्यांपर्यंत आला आहे. चीनने उत्तरेकडच्या वाळवंटाला अडवण्यासाठी 1978 साली सुरू केलेला वृक्षपट्टा 2050 पर्यंत चालायचा आहे. आफ्रिकेत सहारा वाळवंटाच्या दक्षिण काठावरची ‘हरित भिंत’ 2007 पासून उभी राहते आहे. 2011 च्या बॉन चॅलेंजने 2030 पर्यंत 35 कोटी हेक्टर उजाड जमीन सावरण्याचे उद्दिष्ट पुढे ठेवले आहे. महाराष्ट्रात 2016 च्या पावसाळ्यात 2 कोटी रोपांचा संकल्प झाला, पुढच्या वर्षी 4 कोटींचा, मग 13 कोटींचा, आणि 2019 साली 33 कोटींचा. तीन मीटर बाय तीन मीटर अंतराने लावले तर हेक्टरी 1,111 रोपे बसतात. त्या हिशेबाने 33 कोटी रोपांना सुमारे तीन लाख हेक्टर जमीन लागते. ही जमीन कुठे आहे, तिच्यावर आज काय उगवते, कोणाची गुरे तिथे चरतात आणि सातव्या वर्षी तिची राखण कोण करणार? वनीकरणाचा अभ्यास या प्रश्नांपासून सुरू व्हावा असे मला मनापासून वाटते. खड्डा खणण्याची वेळ त्यानंतर येते.

या विषयात नव्याने येणाऱ्या वाचकाचे स्वागत करताना मी त्याला सर्वांत आधी सह्याद्रीच्या माथ्यावरून पूर्वेकडे पाहायला सांगेन. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून पूर्वेला शंभर किलोमीटरच्या आतच, फलटण-माणच्या पट्ट्यात, तो पाचशेच्या आसपास येतो. एवढ्या अंतरात सदाहरित रानापासून पानझडी रानापर्यंत, पुढे काटेरी झुडपांपर्यंत आणि शेवटी उघड्या माळापर्यंत सगळे बदलत जाते. चॅम्पियन आणि सेठ यांनी 1968 साली भारतातील वनप्रकारांची जी सुधारित वर्गवारी केली, ती आजही आपल्या हाताशी असलेले सर्वांत उपयोगी साधन आहे. तिच्यातली चूकभूल पुढच्या संशोधनाने दाखवली आहे, आणि गवताळ प्रदेशाकडे रानाची बिघडलेली अवस्था म्हणून पाहण्याची तिची दृष्टी आता मागे पडते आहे. तरीही नवख्याने ती हाताखाली ठेवावी. ऐन, किंजळ आणि जांभूळ जिथे वाढतात तिथे हिवर लावून काय मिळणार, आणि हिवराच्या जागी ऐन किती दिवस तगणार, याचे उत्तर तिच्यातून मिळते.

माळाविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण सद्हेतूने केलेले सर्वांत मोठे नुकसान याच जमिनीवर झाले आहे. इंग्रजी अमदानीत शेतसारा न देणारी जमीन दप्तरात पडीक म्हणून चढली, आणि ती नोंद स्वतंत्र भारताच्या नकाशांतही टिकून राहिली. पडीक म्हटले की तिथे झाडे लावावीत हे ओघाने आलेच. पण पुणे, सोलापूर, अहिल्यानगर आणि सातारा या जिल्ह्यांतला माळ हा कोणी तोडून टाकलेल्या जंगलाचा अवशेष आहे, असे सरसकट मानायला आधार नाही. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी जुने मराठी ग्रंथ, ओव्या आणि लोककथा यांतले झाडाझुडपांचे उल्लेख अलीकडेच गोळा केले. साडेसातशे वर्षांपर्यंत मागे जाणाऱ्या त्या साहित्यात पश्चिम महाराष्ट्राच्या या भागात काटेरी, विरळ झाडी आणि गवत असलेला मुलूखच दिसतो. मराठी वाचकाने या अभ्यासाचा अभिमान बाळगावा. आपल्या आज्या-पणज्यांच्या ओव्या इथे परिसंस्थेच्या इतिहासाचा पुरावा म्हणून उभ्या राहिल्या आहेत.

अशा माळावर पावसाळ्यात कुसळी, पवन्या आणि मारवेल उगवतात, दिवाळीनंतर पिवळे पडतात आणि त्यांच्या मुळ्या मुरमात जिवंत राहतात. लांडगा, काळवीट, तणमोर आणि धाविक यांचे घर हेच. सोलापूरजवळच्या नान्नजला 1979 साली माळढोक अभयारण्य झाले. तो पक्षी आता राज्यात जवळजवळ दिसेनासा झाला आहे. उघडी, लांबवर नजर पोहोचेल अशी जमीन माळढोकाला लागते आणि तिच्यात ओळीने उभी केलेली झाडे त्याला जागा सोडायला लावतात. धनगरांचे वाडेही याच गवतावर जगत आले आहेत. कर्ब साठवण्याचा मुद्दा घेतला, तर गवताळ जमिनीतला बराचसा कर्ब मातीत आणि मुळांत असतो, वणव्यात तो झाडाच्या खोडासारखा जळून जात नाही. म्हणून या ग्रंथाचे पहिले प्रकरण लागवडीवर नाही. जिथे लागवड करू नये त्या जमिनी ओळखायच्या कशा, यावर ते आहे. काही वाचकांना याचे आश्चर्य वाटेल, पण ते प्रकरण वगळून कोणी पुढे जाऊ नये.

1988 च्या राष्ट्रीय वनधोरणाने देशाचा एकतृतीयांश भूभाग वन किंवा वृक्षांखाली असावा असे म्हटले. हा आकडा देशासाठी आहे. तो जिल्ह्याजिल्ह्याला सारखा वाटून दिला की माणदेशाकडून आणि गडचिरोलीकडून एकच अपेक्षा केली जाते. पाऊस आणि माती अशी अपेक्षा मानत नाहीत.

आता रोपाकडे जवळून पाहू. रोपवाटिकेतली काळी प्लॅस्टिकची पिशवी साधारण वीतभर खोल असते. अंजनाचे बी त्यात रुजले की पहिल्या काही महिन्यांत पानांपेक्षा मूळच जास्त वाढते. कोरड्या मुलखातल्या झाडाचा तो स्वभाव आहे, आधी खाली जाऊन ओल गाठायची आणि मग वर यायचे. वीतभर खाली पिशवीचा तळ येतो. मूळ वळते आणि तळाशी गोल फिरू लागते. रोप वर्षभर तसेच राहिले तर तळाशी मुळांचे वेटोळे तयार होते, आणि मग पिशवी फाडून रोप खड्ड्यात ठेवले तरी ते वेटोळे सुटत नाही. पहिला उन्हाळा असे रोप पाण्यावाचून कसेबसे काढते. कधी चार-पाच वर्षे वाढते आणि एका वादळात मुळापाशी आडवे होते. लागवडीपूर्वी पिशवीचा तळ धारदार पात्याने इंचभर कापून टाकणे, पिशव्या अधूनमधून हलवून जमिनीत शिरलेली मुळे तोडणे, किंवा आतून उभ्या कडा असलेले मुळसाचे वापरणे हे त्यावरचे उपाय. यांतला कोणताही उपाय फार खर्चाचा नाही, पण प्रत्येकाला रोपे हाताळणाऱ्या माणसाचे लक्ष लागते. मजुरी ठरवताना त्या लक्षाचा हिशेब कुठेच धरला जात नाही, हे मला या क्षेत्रातले मोठे वैगुण्य वाटते.

बियाण्याचेही असेच आहे. कडुलिंब, मोह आणि जांभूळ यांचे बी पिकल्यावर काही आठवड्यांतच रुजण्याची शक्ती गमावते. बाभळीचे बी डब्यात वर्षानुवर्षे राहते. ज्या रोपवाटिकेला बी विकत घेऊन सोयीने पेरायचे असते, तिथे साहजिकच टिकणाऱ्या बियांची झाडे वाढतात आणि मोह मागे पडतो. कोणती झाडे लावायची याचा निर्णय पुष्कळदा असा गोदामात होऊन जातो.

विदेशी झाडांचा प्रश्न याला जोडूनच येतो. मध्य अमेरिकेतून आलेले गिरिपुष्प, ज्याला आपल्याकडे उंदीरमारी म्हणतात, पुणे आणि साताऱ्याच्या कितीतरी टेकड्यांवर दिसते. ते लवकर वाढते, कमी पाण्यावर तगते, आणि मोकाट गुरे सहसा त्याच्या वाटेला जात नाहीत. जिवंत रोपांची टक्केवारी हेच यशाचे माप धरले, तर जे झाड गुरे खात नाहीत ते आपोआप पुढे येते. म्हणजे गावच्या गुरांना ज्याचा उपयोग नाही तेच कागदावर सर्वांत यशस्वी ठरते. सुबाभूळ, नीलगिरी आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ यांच्याविषयी एकच ठाम मत देणे मला योग्य वाटत नाही. शेताच्या बांधावर, शेतकऱ्याने स्वतःच्या हिशेबाने लावलेली सुबाभूळ ही शेती आहे आणि तिचा आदर करावा. तीच सुबाभूळ डोंगरावर रान म्हणून लावली की ती स्वतः पसरते आणि खाली दुसरे फारसे काही येऊ देत नाही.

लावण्याची मुळीच गरज नसलेल्या जमिनी आपल्याकडे किती आहेत, हे पाहून नवा अभ्यासक चकित होईल. मे महिन्यात एखाद्या चरलेल्या, जळलेल्या टेकडीवर बसून जमीन हाताने उकरून पाहावी. बोटभर उंचीचा पळसाचा खुंट दिसतो, त्याच्या टोकाला दोन पाने असतात. त्याच्या भोवतीचा मुरूम बाजूला केला की खाली मनगटाएवढी जाड, गाठाळलेली मुळी सापडते. हा पळस वर्षादोन वर्षांचा नसतो. दर साली तो फुटतो, दर साली शेळी त्याला खाते किंवा वणवा जाळतो, आणि तो पुन्हा मुळातून फुटतो. तेंदू आणि धावडा यांचेही तसेच. अशी जमीन तीन-चार पावसाळे राखली, वणव्याआधी जाळरेषा काढल्या आणि खुंटाच्या दहा धुमाऱ्यांतले एक-दोन सरळ ठेवून बाकीचे छाटले, तर लावलेल्या रोपापेक्षा कितीतरी वेगाने रान उठते, कारण खालची मुळे आधीच तयार असतात. नायजर देशातल्या मराडी भागात 1980 च्या दशकात टोनी रिनॉडो आणि तिथल्या शेतकऱ्यांनी शेतातल्या अशाच जिवंत खुंटांना वाढू दिले. ती पद्धत गावोगाव पसरून पुढे सुमारे 50 लाख हेक्टरांवर झाडी उभी राहिली. रोपवाटिका नाही, पिशवी नाही, खड्डा नाही. मात्र अशा कामाचे उद्घाटन करता येत नाही आणि रोपांचा आकडाही सांगता येत नाही, म्हणून ते आपल्या योजनांत मागे राहते. अशाच जमिनीवर खड्डे खणताना हे जुने खुंट उखडले जातात, ही गोष्ट तर फारच दुःखाची आहे.

राखायचे कोणी, हा प्रश्न आपल्या भाषेत जुना आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड आणण्याविषयीच्या सूचना आहेत. आंबा-फणसासारखी झाडे रयतेने पोटच्या लेकरांप्रमाणे वाढवलेली असतात, ती तोडून तिचे मन दुखवू नये, असे त्यात बजावले आहे. 1847 साली डॉ. अलेक्झांडर गिब्सन मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले, 1864 साली देशाचे वनखाते उभे राहिले, आणि 1878 च्या कायद्याने राखीव जंगलांची हद्द पक्की होत गेली. पुढच्या पाचच वर्षांत, 1883 साली, जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. डोंगर, दऱ्या आणि गायराने जंगल खात्यात गेल्यामुळे गरीब शेतकऱ्याच्या गुरांना चरायला जागा उरली नाही, ही तक्रार त्यांनी त्यात स्पष्ट मांडली. मराठीत वनशास्त्र शिकणाऱ्याने वनखात्याचे पहिले प्रमुख ब्रँडिस यांच्या बरोबरीने फुलेही वाचले पाहिजेत. 1930 च्या जंगल सत्याग्रहात पुसदला गवत कापून कायदा मोडला गेला, आणि 25 सप्टेंबर 1930 रोजी चिरनेरला गोळीबार झाला. हे सर्व या विषयाच्या इतिहासाचे मधले पान आहे, त्याला तळटीप समजू नये.

पुढे वारे बदलले, पण सावकाश. 1 जून 1990 च्या केंद्राच्या परिपत्रकाने गावाला वनव्यवस्थापनात भागीदार करण्याची वाट मोकळी झाली, आणि 2006 च्या वनहक्क कायद्याने सामूहिक हक्काला कायद्याचा आधार मिळाला. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांत ते होते. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारची वाट वेगळी. तिथे चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी गावाने स्वतःवर घालून घेतली, गुरे मोकाट सोडायची नाहीत आणि गवत कापून न्यायचे असे ठरले. आधी गवत वाढले, दुधाचा धंदा उभा राहिला, मग झाडी सावरली. हा क्रम विद्यार्थ्याने ध्यानात घ्यावा. पहिल्याच वर्षापासून गवताच्या रूपाने काहीतरी हाती लागले म्हणून गाव झाडांसाठी दहा वर्षे थांबू शकले. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी 1970 च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा जो अभ्यास केला, त्यातूनही हेच दिसते. रान टिकण्यासाठी ते कोणाचे तरी असावे लागते.

मोजमापाविषयी दोन गोष्टी. भारतीय वन सर्वेक्षण संस्था एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या, दहा टक्क्यांहून जास्त वृक्षछत्र असलेल्या कोणत्याही जमिनीला वनाच्छादन मानते, मग ती आमराई असो वा देवराई. 2021 च्या अहवालानुसार महाराष्ट्रात असे क्षेत्र 50,798 चौरस किलोमीटर, म्हणजे राज्याच्या साधारण साडेसोळा टक्के होते. हा आकडा वाचताना त्यामागची व्याख्या डोळ्यांपुढे हवी. दुसरी गोष्ट, लावलेल्या रोपांचे पुढे काय होते याची तपासणी. हिमाचल प्रदेशातल्या सरकारी लागवडींचा उपग्रहचित्रांच्या आधारे केलेला एक अभ्यास 2021 साली ‘नेचर सस्टेनेबिलिटी’मध्ये आला. दशकानुदशके लागवड होऊनही वृक्षछत्रात सरासरीने वाढ झाली नव्हती, आणि लोकांना उपयोगी असलेल्या रुंद पानांच्या झाडांचे प्रमाण थोडे घटलेच होते. हे निष्कर्ष निराश करणारे आहेत खरे, पण मला त्यांत आशाही दिसते. तपासायची रीत आता आपल्या हाती आली आहे, आणि आपल्या प्रत्येक जिल्ह्याची रोपवन नोंदवही त्याच रीतीने उघडून पाहता येईल.

झाडे लावली की पाणी वाढते, या समजुतीकडेही डोळसपणे पाहावे लागेल. बुर्किना फासोतल्या कोरड्या मुलखात इल्स्टेट आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला. झाडे नसलेल्या जमिनीत पाणी मुरत नाही, ते वाहून जाते. झाडे दाट झाली की मुरलेले पाणी तीच पिऊन टाकतात. दोहोंच्या मध्ये, विरळ झाडी असताना, भूजलाला सर्वांत जास्त पाणी मिळते असे त्यांना दिसले. माण-खटावच्या माणसाला हे वाचून आपल्याच शिवाराची आठवण होईल. बांधावर दोन-चार बाभळी, ओढ्याकाठी करंज, वर गवत आणि समतल चर, असा तो शिवार या मध्याच्या जवळ जाणारा आहे.

शेवटी परिशिष्टातल्या तक्त्याविषयी. साठ देशी झाडांची नावे तिथे दिली आहेत, आणि बी कधी पिकते, किती दिवस टिकते, कोणत्या प्रक्रियेने रुजते यासाठी रकाने आहेत. पहिला रकाना मुद्दाम रिकामा ठेवला आहे. एकाच मोहाचे बी चंद्रपुरात, धुळ्यात आणि ठाण्यात एकाच आठवड्यात पिकत नाही, आणि पावसाळा पुढेमागे झाला की तारीख हलते. ज्याने त्याने आपल्या तालुक्यातल्या ओळखीच्या झाडाखाली जाऊन ती तारीख लिहावी, सलग काही वर्षे लिहावी, शेजारी झाडाची जागा आणि त्या वर्षीच्या पहिल्या पावसाचा दिवसही टिपावा. धावड्यापासून सुरुवात केली तर उत्तम. त्याच्या बियांत पोकळ बियाच फार असतात आणि उगवण अगदी कमी होते. म्हणून चांगले बी देणारी झाडे गावोगाव हुडकून ठेवण्याची निकड सर्वांत जास्त त्याच्याच बाबतीत आहे.